सज्ञान मुलाची गाडी व आईबापांची जबाबदारी

आज आमच्या बहुतेक खेड्यांत घरोघरीं मोटारसायकल आली आहे. कांहीं घरीं ट्रॅक्टर व पिकअप गाडीही आली आहे. शेतमाल बाजारास नेणें, दुखणाइतास दवाखान्यांत पोंचविणें, लेकरांस शाळेंत सोडणें, हीं सर्व कामें त्यामुळें सुलभ झालीं. परंतु त्याबरोबर एक नवी काळजीही घरांत शिरली आहे. मुलगा मोठा झाला, कमावता झाला, आतां कोणाचें ऐकत नाहीं. परवान्यावांचून गाडी चालवितो, कधीं दारू पिऊनही चालवितो. उद्यां त्याच्या हातून कोणी दगावलें तर पोलीस आम्हांस धरतील काय? आमचें शेत जाईल काय? असे प्रश्न आईबाप गांवच्या शिक्षकास व उपदेशकास विचारीत असतात. कोणी म्हणतो, "मुलगा अठरा वर्षांचा झाला, आतां बापाचा संबंध सुटला." दुसरा म्हणतो, "मुलाच्या करणीचें फळ बापासच भोगावें लागतें." या दोन्ही समजुती अर्ध्या खऱ्या व अर्ध्या खोट्या आहेत, आणि अर्ध्या सत्यावर विसंबणाऱ्याचें नुकसान बहुधा पुरें होतें. यास्तव कायदा काय म्हणतो तें आम्ही या पाठांत क्रमानें सांगत आहों.

प्रथम सार सांगून टाकतों. मुलगा सज्ञान असला म्हणजे कायदा आईबापांस "हा तुमचा मुलगा आहे काय?" असें विचारीत नाहीं. तो तीन गोष्टी विचारतो. गाडी कोणाच्या नांवें आहे? ती कोणाच्या अनुमतीनें चालविली गेली? आणि अपघात झाल्यावर तुम्हीं काय केलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याचीं स्वच्छ आहेत, त्यास मुलाच्या गुन्ह्याचें भय नाहीं. ज्याचीं स्वच्छ नाहींत, त्यास "मुलगा मोठा होता" हें सांगून सुटतां येत नाहीं.

१. सज्ञान कोण?

आपल्या देशांत १८७५ च्या सज्ञानत्वाच्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षें पुरीं झालेला मनुष्य सज्ञान होय. गियरची मोटारसायकल, मोटारगाडी किंवा ट्रॅक्टर चालविण्याचा परवानाही त्याआधीं मिळत नाहीं.

अज्ञान मुलाची गोष्ट निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन कलम १९९-अ घालण्यांत आलें. अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी समजला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते, आणि त्या मुलास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. मुलानें गाडी आपल्या संमतीनेंच नेली असें न्यायालय गृहीत धरतें. आपणांस ठाऊक नव्हतें, किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो.

मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं हें कलम त्याच्या बाबतींत संपतें. कित्येक आईबाप एवढेंच ऐकून निश्चिंत होतात. परंतु एक कलम संपलें म्हणजे सर्व कायदा संपला असें नव्हे.

२. अपराधाची शिक्षा ज्याची त्यास

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १०६ (१) प्रमाणें हयगयीच्या कृत्यानें कोणाचा मृत्यु घडविला, तर पांच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. जुन्या संहितेंत ही मर्यादा दोन वर्षांची होती. दारू पिऊन गाडी चालविल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणें पहिल्या वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला म्हणजे हा गुन्हा पुरा होतो.

या शिक्षा गाडी चालविणाऱ्याच्या आहेत. सज्ञान मुलाऐवजीं बापास तुरुंगांत घालावें असें कोणतेंही कलम नाहीं. मुलगा सांपडत नाहीं म्हणून बापास ओलीस धरून ठाण्यांत बसवून ठेवणें हेंही कायद्यास धरून नाहीं. बापाचा स्वतःचा कांहीं अपराध असेल तरच त्यास अटक होऊं शकते. म्हणून जे म्हणतात कीं मुलाच्या करणीचें फळ बापासच भोगावें लागतें, त्यांनीं या बाबतींत धीर धरावा.

३. किल्ली देणाऱ्याचा स्वतःचा अपराध

परंतु बाप गाडीचा मालक असेल तर काय? येथें दुसरी बाजू सुरू होते. मोटार वाहन कायद्याचें कलम ५ असें सांगतें कीं, ज्यास परवाना नाहीं अशा मनुष्यास गाडीच्या मालकानें, अथवा गाडी ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें, ती चालवूं देऊं नये. हें कलम मोडणाऱ्यास कलम १८० प्रमाणें तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परवान्यावांचून चालविणाऱ्यास कलम १८१ प्रमाणें शिक्षा तितकीच आहे. म्हणजे चालविणारा व चालवूं देणारा हे दोघे या बाबतींत सारखे. येथें मुलाचें वय अठरा असो कीं अठ्ठावीस, फरक पडत नाहीं. शिक्षा बाप म्हणून होत नाहीं, किल्ली देणारा म्हणून होते.

त्याचप्रमाणें विमा नसलेली गाडी चालविणारा व चालवूं देणारा, दोघेही कलम १९६ खालीं दोषी ठरतात. पहिल्या वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि मुलगा प्यालेला आहे हें डोळ्यांदेखत पाहून जो त्याच्या हातांत किल्ली ठेवतो, त्यानें कलम १८८ आठवावें. दारू पिऊन किंवा धोकादायक रीतीनें गाडी चालविण्यास जो साहाय्य वा प्रोत्साहन देतो, त्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगितली आहे.

येथें कोणी विचारील, "आम्हीं किल्ली दिलीच नाहीं, त्यानें आपण होऊन घेतली, तर?" अनुमति नव्हती हें खरें असेल तर कलम १८० चा अपराध होत नाहीं. परंतु अनुमति तोंडानेंच द्यावी लागते असें नाहीं. किल्ली रोज खुंटीस टांगलेली असते, मुलगा रोज गाडी नेतो, बाप रोज पाहतो व कांहीं बोलत नाहीं. अशा घरांत "अनुमति नव्हती" हें म्हणणें न्यायालयास कसें पटावें? वर्षभर मौन धरणाऱ्याचें मौनच त्याच्याविरुद्ध साक्ष देतें.

४. नुकसानभरपाई कोण देणार?

तुरुंगाच्या भयाहून भरपाईचें ओझें खेड्यांतील कुटुंबास अधिक चिरडतें, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

अपघातांत जखमी झालेला मनुष्य, किंवा मृताचे वारस, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें अर्ज करितात. त्या अर्जांत सामान्यतः तिघांस प्रतिवादी करण्यांत येतें: गाडी चालविणारा, गाडीचा मालक व विमा कंपनी. मालक म्हणजे ज्याच्या नांवें आरटीओ कचेरींत गाडीची नोंद आहे तो; हप्त्यांनीं किंवा कर्जानें घेतलेली गाडी ज्याच्या ताब्यांत करारानें आहे तोही मालकच होय. शिवाय कलम १६४ प्रमाणें कोणाचीही चूक सिद्ध न करतां मृत्यूबद्दल पांच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात, आणि ते देण्याची जबाबदारी मालकावर किंवा विमा कंपनीवर आहे.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका विधवेनें बचतगटाचें कर्ज काढून मोटारसायकल घेतली. मुलगा तेवीस वर्षांचा. त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून गाडी आईच्या नांवें नोंदविली. एके सायंकाळीं त्यानें रस्त्याच्या कडेनें चाललेल्या एका ऊसतोडणी मजुरास धडक दिली व त्याचा पाय कायमचा अधू झाला. न्यायाधिकरणानें आठ लाख रुपयांची भरपाई ठरविली. आतां काय होईल?

गाडीचा विमा चालू असेल तर बहुधा विमा कंपनीनें आधीं मजुरास पैसे द्यावे व मागाहून ते मालकाकडून वसूल करावे, असा हुकूम होतो. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्वरणसिंग यांच्या प्रकरणांत हीच वाट दाखविली. चालकास परवाना नव्हता एवढ्यावरून कंपनी सुटत नाहीं; मालकानें जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणें अट मोडली हें कंपनीनें सिद्ध करावें लागतें. परंतु ज्या आईनें परवाना नाहीं म्हणूनच गाडी आपल्या नांवें घेतली, तिच्याविरुद्ध हें सिद्ध करणें कितीसें कठीण? मजुरास पैसे मिळतील, ही चांगली गोष्ट आहे. पण तेच पैसे मग आईकडून मागितले जातील.

विमा नसेल तर ओझें सरळ आई व मुलगा या दोघांवर पडतें. ही रक्कम वसूल करण्याची रीत कलम १७४ मध्यें सांगितली आहे. न्यायाधिकरण कलेक्टरास दाखला पाठवितें व कलेक्टर ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करितो. सात-बाऱ्यावर ज्याचें नांव आहे त्यानें या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

हीच गाडी मुलानें परवाना काढून, आपल्या कमाईनें, आपल्या नांवें घेतली असती, तर भरपाईचा दावा त्याच्यावर व त्याच्या विमा कंपनीवर झाला असता. आईच्या शेतास कोणी हात लावूं शकला नसता.

विम्याविषयीं दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटारसायकल घेतांना पांच वर्षांचा व नवी मोटारगाडी घेतांना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळें पांच वर्षें कोणी विम्याचा विचार करीत नाहीं, आणि मुदत संपली हें अपघाताच्या दिवशींच कळतें. दुसरी अशी कीं, शेतीच्या कामापुरता विमा असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत वऱ्हाड किंवा जत्रेचीं माणसें बसविलीं, तर त्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी हरकत घेते, व न्यायालयांनीं अशी हरकत मान्य केल्याचीं उदाहरणें आहेत. ट्रॅक्टर बापाचा, चालविणारा मुलगा, आणि ट्रॉलींत गांवचीं चाळीस माणसें, हा देखावा लग्नसराईंत आपण नेहमीं पाहतों.

जुनी गाडी विकणाऱ्यांसही एक सूचना. केवळ कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिली म्हणजे मालकी सुटली असें समजूं नये. विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत आरटीओ कचेरीस कळवावें असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीनकुमार यांच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंद ज्याच्या नांवें राहिली तोच भरपाईपुरता मालक. वेगळ्या राहणाऱ्या मुलास गाडी देऊन टाकली पण नांव बदललें नाहीं, अशा बापासही हा निर्णय लागू पडतो. गाडीवर येणारीं ई-चलानेंही त्याच्याच नांवें येत राहतील.

५. अपघातानंतरची परीक्षा

सर्वांत मोठा मोह अपघातानंतर येतो. मुलगा भेदरलेला घरीं येतो, कपड्यांवर रक्त असतें, आणि आईबापांच्या मनांत पहिला विचार येतो तो त्यास लपविण्याचा. कोणी त्यास रातोरात मामाच्या गांवीं पाठवितो, कोणी गाडी धुऊन गोठ्यांत झांकून ठेवतो, कोणी परवाना असलेल्या पुतण्यास सांगतो, "गाडी मीच चालवीत होतों असें तूं म्हण."

या घटकेपर्यंत कदाचित् निर्दोष असलेला बाप येथें स्वतः गुन्हेगार होतो. अपराध्यास आसरा देणें, पुरावा नाहींसा करणें, खोटी माहिती देणें, हे सर्व न्याय संहितेंतील स्वतंत्र गुन्हे आहेत. अपराध्यास आसरा देण्याच्या कलमांत कायद्यानें एकाच नात्यास सूट दिली आहे: पतीनें पत्नीस किंवा पत्नीनें पतीस आसरा दिला तर तो गुन्हा नव्हे. आईबापांस ही सूट नाहीं. मायेपोटीं केलें, हें उत्तर मनुष्याचें अंतःकरण समजून घेईल. कायद्याचें कलम समजून घेत नाहीं.

७ जुलै २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत वरळी येथें एका मोटारगाडीनें ससून गोदीवरून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दांपत्याच्या स्कूटरला धडक दिली, व त्यांत पत्नी मरण पावली. गाडी चालविल्याचा आरोप ज्यावर आला तो सज्ञान तरुण होता, व तो दोन दिवस पोलिसांस सांपडला नाहीं. पोलिसांनीं त्याच्या वडिलांस अटक केली. मुलास निसटून जाण्यास त्यांनीं साहाय्य केलें असा आरोप होता. दुसऱ्या दिवशीं न्यायालयानें त्यांस जामीन दिला. आरोप म्हणजे दोषसिद्धि नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु सज्ञान मुलाच्या अपघातानंतर पित्यावर आरोप कोणत्या वाटेनें येतो, तें या हकीकतीवरून स्पष्ट दिसतें.

मग करावें काय? कायद्याचें कलम १३४ चालकास सांगतें कीं, जखमी मनुष्यास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, शक्य तितक्या लवकर व फार तर चोवीस तासांच्या आंत पोलीस ठाण्यांत खबर द्यावी, आणि विमा कंपनीस लेखी कळवावें. जमाव मारील असें खरोखरीचें भय असेल तर त्या जागेवर न थांबण्याची मुभा आहे. पण ती मुभा ठाण्याकडे जाण्यासाठीं आहे, मामाच्या गांवीं जाण्यासाठीं नाहीं. आईबापांनीं मुलास हींच कर्तव्यें करावयास लावावीं, व स्वतः त्याच्याबरोबर ठाण्यांत जावें. त्याच्यासाठीं वकील देणें, जामीन राहणें, त्याची बाजू मांडणें, यांत कांहींही गैर नाहीं. मुलाच्या पाठीशीं उभें राहणें व मुलाचें कृत्य झांकणें यांत अंतर आहे.

पोलिसांनीं मालकास "त्या वेळीं गाडी कोण चालवीत होतें?" असें विचारल्यास खरें नांव सांगणें हें कलम १३३ प्रमाणें मालकाचें कर्तव्य आहे. आणि चारचौघांत बसून मृताच्या घरच्यांस थोडे पैसे देऊन "प्रकरण मिटलें" असें लिहून घेण्याची जी चाल आहे, तिच्यावर भरंवसा ठेवूं नये; मृत्यूचा गुन्हा गांवच्या बैठकींत मिटत नाहीं. शिवाय असल्या कागदानें बहुधा गरीब विधवा फसते. तिचा हक्क लाखांचा असतो व तिच्या हातांत हजार ठेवले जातात. तीही आपल्याच गांवची, आपल्याच शेजारची असते, हें विसरूं नये.

६. घरांत आजच करावयाच्या गोष्टी

(१) गाडी जो चालवितो व ज्याची कमाई तींत आहे, त्याच्याच नांवें ती असावी. आरसी बुक काढून आजच नांव पाहावें. अपघातानंतर नांव बदलून उपयोग होत नाहीं.

(२) परवाना डोळ्यांनीं पाहिल्यावांचून किल्ली देऊं नये, मग मागणारा पोटचा मुलगा असो कीं जांवई. पाहिलेला परवाना खरा वाटण्याजोगा असला म्हणजे मालकानें आपली खबरदारी घेतली असें न्यायालयें सामान्यतः मानतात.

(३) विम्याची मुदत कोणत्या तारखेस संपते, ती तारीख घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

(४) मुलगा पिऊन आला असेल तर किल्ली काढून ठेवावी. भांडण होईल, तें होऊं द्यावें. सज्ञान मुलगा दांडगाई करून गाडी नेत असेल तर शेजाऱ्यांच्या देखत मनाई करावी, व पोलीस ठाण्यांत लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी. हें मुलाचें वैर नव्हे. तो अर्ज कदाचित् त्याचा जीव वांचवील, आणि नाहींच वांचविला तर घराचें छप्पर वांचवील.

(५) अपघात झाल्यास प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मग ठाणें, मग विमा कंपनी.

शेवटीं आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे कायदा आईबापांच्या खांद्यावरून त्याच्या करणीचें ओझें उतरवितो, आणि तें न्याय्य आहे. पण त्यांनीं स्वतःच्या हातानें दिलेली किल्ली, स्वतःच्या नांवें ठेवलेली गाडी व स्वतः सांगितलेली खोटी गोष्ट, हीं त्यांचींच राहतात. एवढें समजून जें घर आज आपलीं कागदपत्रें नीट करील, त्या घरास रात्रीं दार वाजलें म्हणून थरकांपण्याचें कारण थोडें राहील.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. अज्ञान मुलाच्या व सज्ञान मुलाच्या बाबतींत पालकाच्या जबाबदारींत मुख्य फरक कोणता?

२. परवाना नसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलास बापानें आपली गाडी दिली. बापाचा अपराध कोणत्या कलमाखालीं येतो, व तो बाप म्हणून कीं मालक म्हणून?

३. पाठांतील विधवेनें कोणत्या तीन गोष्टी केल्या असत्या तर तिच्यावर भरपाईचें ओझें आलें नसतें?

४. अपघातानंतर मुलास साहाय्य करणें व त्यास लपविणें यांतील अंतर उदाहरण देऊन सांगा.

५. आपल्या वस्तींतील किती घरीं गाडी एकाच्या नांवें व चालविणारा दुसरा, अशी स्थिति आहे? शिक्षकांनीं हा पाठ वाचून दाखविल्यावर प्रत्येक कुटुंबानें आपलें आरसी बुक व विम्याचा कागद आणून तपासून घ्यावा.